विमानातली हायड्रॉलिक सिस्टीम: दाब, तेल आणि पाइप फुटल्यावरचा हिशोब

प्रश्न: कुपवाड_होज

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत जेसीबी, एक्स्कॅव्हेटर आणि ऊसतोडणी यंत्रांच्या हायड्रॉलिकची कामं करतो. सिलिंडरचे सील, होज, पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, सगळं. साखर कारखान्यात मिलच्या वरच्या रोलरवर दाब देणारी हायड्रॉलिक आणि तिचे नायट्रोजनचे अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे वायूच्या दाबाखाली तेल साठवणारी भांडीही असतात. त्यामुळे पास्कलच्या नियमापासून सुरुवात करू नका, थेट कामाचं सांगा.

विमानाबद्दल वाचताना चार-पाच गोष्टी अडल्यात. पहिली म्हणजे ए३२० आणि बोइंग ७३७ ची सिस्टीम ३,००० पीएसआयची (चौरस इंचाला तेवढे पौंड दाब), म्हणजे २०७ बार. आमचे एक्स्कॅव्हेटर सहज ३०० बारच्या वर चालतात. एवढ्या मोठ्या विमानाला दाब कमी का? दुसरी, पाइप फुटला तर इथं मशीन जागेवर थांबतं. हवेत तेल गेलं तर पायलट काय करतो? तिसरी, ते जांभळं तेल नेमकं काय आहे, आणि आपल्या मशीनच्या ४६ किंवा ६८ नंबरच्या (घट्टपणाचा नंबर) तेलाने का भागत नाही? चौथी, इंजिन बंद असताना उभ्या विमानाचे ब्रेक कशावर धरतात? आणि कराडच्या विमानतळावर दिसतात तसल्या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांत हायड्रॉलिक असतं का?

पुस्तकी आकृत्या भरपूर मिळतात. कुठं काय बिघडतं आणि का, ते सांगणारं कोणी असेल तर बरं होईल.

उत्तर: बी१_लाइन

कुपवाडभाऊ, दाबापासून घेतो. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत.

दाब वाढवला की तेवढ्याच ताकदीला पिस्टन लहान लागतो, तेल कमी लागतं, वजन वाचतं. इथवर सगळं फायद्याचं. पण दाबाबरोबर पाइपच्या भिंती जाड होतात, सीलवरचा ताण वाढतो, व्हॉल्व्हच्या आतली गळती वाढते आणि त्या गळतीची उष्णता तेलात जाते. तुमच्या मशीनला बिडाचा जाड व्हॉल्व्ह ब्लॉक चालतो, किंबहुना मागच्या बाजूला वजन हवंच असतं. विमानात पाइप पातळ, फिटिंग हलकी आणि पंपाच्या ठोक्यांनी येणारा थकवा हजारो तास सोसायचा. या सगळ्याचा मेळ कित्येक दशकं ३,००० पीएसआयला बसला. पंप, पाइप, सील, टेस्ट रिग, सगळं त्याच आकड्याभोवती तयार झालं. कॉन्कॉर्डने ४,००० वापरला. ए३८० ला ५,००० पीएसआय, म्हणजे ३४५ बार घेतला, कारण तेवढ्या मोठ्या विमानात त्यातून सुमारे टनभर वजन वाचत होतं. बोइंग ७८७ आणि ए३५० सुद्धा ५,००० वर आहेत. म्हणजे नवी मोठी विमानं तुमच्या एक्स्कॅव्हेटरच्याच पट्ट्यात आली.

आणि २०७ बार कमी समजू नका. ५० मिमीच्या पिस्टनवर तेवढा दाब दिला तर बाहेर ढकलायची ताकद चार टनांच्या वर जाते. २५ मिमीचा रॉड धरून आत ओढताना तीन टनांच्या थोडी वर.

खरा फरक सर्किटमध्ये आहे. विमानात दाब कायम उभा असतो. पंप अक्षीय पिस्टनचा, स्वॅश प्लेटवाला (तिरकी-सरळ होणारी चकती), आणि त्यावर दाब राखणारा प्रेशर कॉम्पेन्सेटर. कोणी तेल मागत नसेल तर प्लेट जवळजवळ सरळ होते, पंप फिरत राहतो, दाब ३,००० वर टिकतो आणि बाहेर तेल जवळजवळ जातच नाही. फ्लॅप (पंखामागून खाली येणारे पट्टे) किंवा चाकं हलवली की दाब किंचित पडतो, प्लेट तिरकी होते, प्रवाह सुरू होतो. ए३२० चा इंजिनवरचा पंप मिनिटाला १४० लिटर देऊ शकतो. हिशोब करा, ४८ किलोवॉट, म्हणजे साधारण ६५ हॉर्सपॉवर. त्याच विमानातला इलेक्ट्रिक पंप मिनिटाला २३ लिटरचा. म्हणून इलेक्ट्रिक पंपावर फ्लॅप चालवले की ते रांगत जातात. तो बिघाड नाही.

पंप अडकला तर इंजिनच्या गिअरबॉक्सचं नुकसान होऊ नये म्हणून शाफ्टला मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते. ती तुटते आणि पंप सुटा होतो. इंजिनला आग लागली तर फायर हँडल ओढल्यावर पंपाकडे जाणारं तेलच बंद होतं. नुसता पंप बंद करायचा असेल तर सोलेनॉइड त्याला दाबरहित करतो. इंजिनवरचा पंप इंजिन फिरतंय तोवर फिरतोच, हे ध्यानात ठेवा.

आता केस ड्रेन. पंपाच्या पोटातून थोडं तेल वंगण आणि गारवा देऊन टाकीकडे परत जातं, त्या लाइनवर वेगळा फिल्टर असतो. पंपाची तब्येत तिथं कळते. फिल्टर उघडल्यावर पितळी चकाकीचे कण दिसले तर पिस्टनचे शू किंवा सिलिंडर ब्लॉक झिजतोय. दाब अजून बरोबर दिसेल, गेज काही बोलणार नाही, पण पंपाचे दिवस भरले. कण सगळ्या सिस्टीमभर पसरायच्या आत तो बदलायचा. केस ड्रेनचं तेल तापतं, म्हणून ७३७ मध्ये ते इंधनाच्या मुख्य टाकीतल्या कॉइलमधून फिरवून गार करतात. त्यासाठीच ७३७ एनजीला जमिनीवर इलेक्ट्रिक पंप चालवताना त्या बाजूच्या टाकीत निदान ७६० किलो इंधन असावं लागतं. टाकी रिकामी ठेवून पंप चालवत बसलं तर पंप जळतो.

तुमच्या मशीनची टाकी ब्रीदरने उघडी असते. विमानाची बंद असते आणि तिच्यात हवेचा दाब भरलेला असतो, साधारण ५० पीएसआय, इंजिनमधून काढलेल्या हवेचा. ३५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब साडेतीन पीएसआयच्या आसपास उरतो. जमिनीवर तो १४.७ असतो. एवढ्या कमी दाबाखाली पंपाने तेल ओढलं तर सक्शनमध्ये बुडबुडे होणार आणि ते फुटताना, म्हणजे कॅव्हिटेशनने, पंप खाल्ला जाणार. म्हणून टाकीतला हवेचा दाब कमी झाल्याची सूचना आली की पायलट त्या सिस्टीमचे पंप बंद करतो, तेल पूर्ण भरलेलं असलं तरी. तुमच्याकडे पंप करकरायला लागल्यावर सक्शनचा गाळणा बघता ना, तीच बाब आहे, फक्त इथं तो पंप बदलायला खाली उतरावं लागतं.

पाइप फुटण्याचं सविस्तर लिहितो, थोड्या वेळाने.

उपप्रश्न: मिरजकर_७

मध्येच विचारतोय, माफ करा. पुण्याहून ए३२० ने जाताना, विमान मागे ढकलून दुसरं इंजिन सुरू करायच्या वेळी खालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, दोन-चार वेळा, मग बंद. माझ्या शेजारच्या काकू घाबरून एअर होस्टेसला बोलवायला लागतात. हे हायड्रॉलिकचंच ना?

उत्तर: बी१_लाइन

हो मिरजकर, हायड्रॉलिकचंच, आणि तो आवाज पाइप फुटण्याच्या उत्तरात येतोच. एकदमच सांगतो.

ए३२० मध्ये तीन सिस्टीम आहेत: हिरवी, निळी, पिवळी. हिरवी १ नंबर इंजिनाच्या पंपावर. पिवळी २ नंबरच्या पंपावर, शिवाय तिला एक इलेक्ट्रिक पंप आणि सामानाचं दार उघडायला हातपंप. निळी इलेक्ट्रिक पंपावर, आणि सगळी वीज गेली तर पोटाखालून बाहेर पडणाऱ्या पंख्यावर. तो पंखा विमानाच्या वेगाने फिरतो आणि निळ्या सिस्टीमला साधारण २,५०० पीएसआय देतो. तिन्हींचं तेल कुठंही एकमेकांत मिसळत नाही. टाकी, पाइप, फिल्टर, सगळं वेगळं.

हिरव्या आणि पिवळ्याच्या मध्ये पॉवर ट्रान्सफर युनिट असतं. एका शाफ्टवर दोन हायड्रॉलिक मशीन, एक मोटर म्हणून चालतं आणि दुसरं पंप. तेल इकडून तिकडे जात नाही, फक्त फिरण्याची ताकद जाते. दोन सिस्टीमच्या दाबात ५०० पीएसआयचा फरक पडला की ते आपोआप सुरू होतं. कमी दाबाची बाजू भरली, फरक मिटला, थांबलं. पुन्हा दाब उतरला, पुन्हा सुरू. हे थांबत-सुरू होत चालणं म्हणजे तुम्हाला ऐकू येणारं भुंकणं. एक इंजिन चालू आणि दुसरं सुरू होत असताना एका बाजूत दाब असतो, दुसरीत नसतो, म्हणून आवाज नेमका तेव्हा येतो. दुसऱ्या इंजिनाच्या सुरुवातीला त्याची चाचणीही आपसूक होते. काकूंना सांगा, तो आवाज आला म्हणजे युनिट धडधाकट आहे.

आता पाइप फुटला असं धरा. हिरव्या टाकीत साधारण १४ लिटर तेल असतं. दाबाची मुख्य लाइन सपशेल तुटली आणि पंप पूर्ण प्रवाहाने ओकायला लागला तर १४० लिटर मिनिटाच्या हिशोबाने टाकी सहा सेकंदांत रिकामी. कुठलाही पायलट तेवढ्यात काही करू शकत नाही. म्हणून रचना करतानाच गृहीत धरलेलं असतं की एक सिस्टीम पूर्ण जाणार. प्रत्यक्षात बहुतेक गळत्या हळू असतात आणि तेलाच्या पातळीची सूचना दाब पडायच्या आधी येते. तेव्हा त्या सिस्टीमचा पंप बंद करतात, आणि पॉवर ट्रान्सफर युनिटही. का? कारण ते युनिट रिकाम्या बाजूत दाब भरायला जाईल, तिथं तेल नसल्यामुळे बेफाम फिरेल, आणि चांगल्या सिस्टीमचं तेल तापवून ठेवेल. एका गळतीपायी दोन सिस्टीम गमवायच्या. सूचनापत्रकातली ही ओळ सगळ्यात महत्त्वाची.

एक सिस्टीम गेल्यावर काय उरतं ते वाटपावर अवलंबून. एलेरॉनवर (पंखाच्या टोकाकडचे, विमान कलवणारे पट्टे) निळी आणि हिरवी. डावा एलिव्हेटर (शेपटाचा, नाक वर-खाली करणारा) निळ्या-हिरव्यावर, उजवा निळ्या-पिवळ्यावर. रडरला (शेपटाचा उभा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा) तिन्ही. एलेरॉन आणि एलिव्हेटरला प्रत्येकी दोन जॅक (हलवणारे सिलिंडर), एक काम करतो, दुसरा नुसता बरोबर हलतो आणि फडफड दाबतो. फ्लॅपच्या गिअरबॉक्सला दोन हायड्रॉलिक मोटर, एक हिरव्यावर, एक पिवळ्यावर. एक गेली तर फ्लॅप येतात, पण निम्म्या वेगाने. चाकं हिरव्यावर आहेत. हिरवी गेली तर कॉकपिटमधली हाताची क्रँक तीन फेरे फिरवायची, लॉक सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येऊन लॉक होतात. वर मात्र घेता येत नाहीत.

दाब पडायला लागला तर प्रायॉरिटी व्हॉल्व्ह आधी मोठ्या गिऱ्हाइकांना तोडतात, म्हणजे चाकं, फ्लॅप वगैरे, आणि उरलेलं तेल एलेरॉन, एलिव्हेटर, रडर अशा कंट्रोल सरफेसला देतात. काही विमानांत ब्रेकच्या लाइनवर हायड्रॉलिक फ्यूज असतो. ठरावीक मापापेक्षा जास्त तेल एकदम गेलं की तो बंद होतो, म्हणजे चाकाजवळचा होज फाटला तरी अख्खी सिस्टीम रिकामी होत नाही.

मात्र तीन किंवा चार सिस्टीम असल्या म्हणजे झालं, असं समजू नका. १२ ऑगस्ट १९८५ ला जपानमध्ये ७४७ च्या मागच्या प्रेशर बल्कहेडने (केबिनची हवा अडवणारी भिंत) दगा दिला, शेपटाचा मोठा भाग उडाला आणि चारही सिस्टीमचं तेल तिथूनच वाहून गेलं. ५२० माणसं गेली, चार वाचली. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० च्या शेपटातल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली आणि तुकड्यांनी तिन्ही सिस्टीमच्या लाइन कापल्या. पायलटांनी दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ जण वाचले. दोन्ही ठिकाणी दोष पंपांच्या संख्येचा नव्हता. सगळ्या लाइन एकाच जागेतून गेलेल्या होत्या. त्यानंतर ७४७ च्या शेपटाकडे जाणाऱ्या चौथ्या सिस्टीमच्या लाइनवर फ्यूज बसवला. डीसी-१० मध्ये तिसऱ्या सिस्टीमला असा शटऑफ व्हॉल्व्ह दिला की तेल उतरताच शेपटाची लाइन तुटते आणि पुढचा भाग जिवंत राहतो.

ए३८० ने वेगळी वाट धरली. हायड्रॉलिक सिस्टीम दोनच ठेवल्या आणि तिसऱ्याच्या जागी वीज. काही जॅकना स्वतःचा छोटा मोटर-पंप आणि स्वतःचं मूठभर तेल असतं, फक्त वायर जाते. लांब पाइपच नाही, तर फुटणार काय? मला ही रचना फार पटते.

उत्तर: कराड_हँगर

छोट्या विमानांचं मी सांगतो.

कराडची धावपट्टी मुळात कोयना प्रकल्पासाठी बांधलेली. तिथं सेस्ना १५२ किंवा १७२ सारखी विमानं बघाल तर एलेरॉन, एलिव्हेटर, रडर सगळं केबल आणि पुलीवर. फ्लॅप इलेक्ट्रिक मोटरवर. चाकं कायम बाहेर. हायड्रॉलिक फक्त दोन ठिकाणी: ब्रेक, आणि नाकाच्या चाकाचा शॉक स्ट्रट. मागच्या चाकांचे पाय स्प्रिंग स्टीलचे आहेत, त्यांना तेल नाही. नाकाचा स्ट्रट तेल आणि नायट्रोजनचा. १७२ ला ४५ पीएसआय, तोही नाक उचलून, वजन काढून मोजायचा. वजनासकट मोजलात तर आकड्याला अर्थ नाही.

ब्रेकला पंप नाही. प्रत्येक रडर पेडलला एक मास्टर सिलिंडर, त्यातच छोटी टाकी, तिथून एक नळी कॅलिपरपर्यंत. तेल लाल, मिल-एच-५६०६. खनिज तेल आहे, −५४ अंशांपासून १३५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतं.

इथं सगळ्यात घातक प्रकार म्हणजे मोटारीचं ब्रेक ऑइल टाकणं. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर आधारलेली असतात आणि या ब्रेकच्या ओ-रिंग (सीलच्या गोल रिंगा) नायट्राइल रबराच्या. थोड्या दिवसांत रिंगा फुगतात, पिस्टन परत येत नाही, ब्रेक घासत राहतो, मग गळती. एकदा तसं तेल गेलं की नुसतं काढून चालत नाही. सगळं खोलून, धुऊन, सगळे सील बदलायचे.

पेडल मऊ लागलं की हवा आहे. मोटारीत आपण वरून खाली ब्लीड करतो, म्हणजे हवा काढतो, इथं खालून वर करायचं, कारण हवेला वर जायचंच असतं आणि नळी वर-खाली वळणं घेत जाते. चाकांना चोक (अडवणारे ठोकळे) लावा, पार्किंग ब्रेक सोडा. मास्टर सिलिंडरच्या भरणीच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडून तिचं दुसरं टोक स्वच्छ भांड्यात ठेवा. कॅलिपरच्या ब्लीडरला प्रेशर पॉट किंवा पंपाचा कॅन लावा, त्याच्या नळीतली हवा आधी काढून घ्या. ब्लीडर उघडून सावकाश तेल वर ढकला. जोरात ढकललं तर बुडबुडे फुटून बारीक होतात आणि आत चिकटून बसतात. वरच्या नळीत सलग लाल तेल आलं, बुडबुडा थांबला, की आधी ब्लीडर बंद करा, मग कॅन काढा. शेवटी टाकी काठोकाठ ठेवू नका, थोडी जागा सोडा. तेल तापून फुगतं तेव्हा त्याला जायला वाट लागते.

ब्रेक आपोआप धरतोय अशी तक्रार आली तर कॅलिपर खोलायच्या आधी पेडल पूर्ण मागे येतंय का ते बघा. ते अर्धवट राहिलं तर मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं भोक झाकलेलं राहतं, तापलेल्या तेलाला परत जाता येत नाही आणि ब्रेक स्वतःच आवळला जातो. कधी नुसती चटई पेडलखाली अडकलेली असते. पॅडचं अस्तर साधारण अडीच मिमीवर आलं की बदला. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात विमान आठवडाभर उभं राहिलं की डिस्कला गंज येतो, तो नवं अस्तर कानशीसारखं खातो. लांब उभं राहणार असेल तर अधूनमधून हलवून, हलका ब्रेक लावून डिस्क पुसून घेतलेली बरी.

कोल्हापूरला उजळाईवाडीत येणारं एटीआर ७२ मधल्या पायरीचं. त्यातही एलेरॉन, एलिव्हेटर, रडर हाताच्याच ताकदीवर. निळ्या आणि हिरव्या अशा दोन ३,००० पीएसआयच्या सिस्टीम, प्रत्येकीला इलेक्ट्रिक पंप. हिरव्यावर चाकं आणि नेहमीचे ब्रेक. निळ्यावर फ्लॅप, स्पॉयलर (पंखावर उभे राहणारे पट्टे), नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग आणि पार्किंग ब्रेक. कुपवाडभाऊ, समजून घ्यायला हे विमान उत्तम. ए३२० च्या आकृत्या नंतर काढा.

उत्तर: सातारा_टेस्टबेंच

तेलाचं राहिलंय, ते घेतो.

जांभळं तेल म्हणजे फॉस्फेट एस्टर. स्कायड्रॉल आणि हायजेट ही त्याची ओळखीची नावं. खनिज तेल गरम ब्रेकवर किंवा इंजिनवर फवारलं तर पेटतं. फॉस्फेट एस्टर सहज पेटत नाही, म्हणून मोठ्या प्रवासी विमानांत तेच. अजिबात जळत नाही असं मात्र नाही. तुमचं ४६ नंबरचं तेल दोन कारणांनी बाद. एक आग. दुसरं थंडी, ३५,००० फुटांवर बाहेर −५४ अंश असतात, पंखांच्या टोकापर्यंत गेलेल्या बारीक नळ्यांत ते तेल हलणारच नाही.

सीलचं गणित उलटं आहे, ते पाठ करा. लाल तेलाला नायट्राइल. जांभळ्याला ईपीडीएम किंवा ब्युटाइल रबर. नायट्राइल जांभळ्यात फुगून लिबलिबीत होतं, ईपीडीएम लाल तेलात तसंच. दोन्ही रिंगा काळ्या, हातात घेऊन फरक कळत नाही, म्हणून रिंग पाकिटावरच्या पार्ट नंबरवरूनच घ्यायची, पाकीट फोडून डब्यात सुट्या टाकायच्या नाहीत.

या तेलाचा शत्रू पाणी. ते हवेतला ओलावा शोषतं, तापलं की पाण्याबरोबर फुटतं आणि आम्ल तयार होतं. १०७ अंशांच्या वर ही क्रिया झपाट्याने होते. आम्ल वाढलं की सर्व्हो व्हॉल्व्हच्या (जॅकला मोजून तेल देणारा व्हॉल्व्ह) धारा खाल्ल्या जातात, आतली गळती वाढते, त्याने तेल अजून तापतं, अजून आम्ल. म्हणून नमुने काढून आम्लांक, पाणी, क्लोरीन आणि कण तपासतात. आम्लांकाची वापरातली मर्यादा सर्वसाधारणपणे १.५, कणांची नास १६३८ (तेलातले कण मोजायचं प्रमाण) वर्ग ९. नमुना काढताना पहिलं थोडं तेल वाहू द्यायचं आणि बाटली प्रयोगशाळेचीच वापरायची. घरची धुतलेली बाटली वापरली तर क्लोरीन आणि पाणी बाटलीचंच मोजलं जाईल. उघडलेला डबा उरला तर पुढच्या वेळेला ठेवायचा नाही. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यातल्या पावसाळी हवेत तर नाहीच नाही.

हाताळताना हातमोजे आणि बाजूने बंद गॉगल. डोळ्यात गेलं तर आग असह्य होते. निदान १५ मिनिटं पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. रंग उचलतं, पीव्हीसीची वायर मऊ करतं, डांबर खातं. टेफ्लॉन आणि स्टेनलेसला काही करत नाही.

आणि गळती शोधताना बोट फिरवायचं नाही. हे जेसीबीवाल्यांनाही लागू. २०० बारची सुईएवढी धार कातडीतून आत जाते, बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही सुरुवातीला. आत मात्र बोट सडायला लागतं. पुठ्ठा फिरवा. आणि धार लागलीच तर मलम लावत बसू नका, त्याच तासाला हाताच्या सर्जनकडे जा, कोणतं तेल होतं ते सांगा. सांगली-मिरजेत मोठी हॉस्पिटलं आहेत, उशीर करायला कारण नाही.

दाब असताना गळकं नट आवळू नये, हेही त्यातलंच. आधी दाब शून्य करा, मग नट सोडून बसायची जागा बघा. आवळून आवळून थांबवलेली गळती म्हणजे फिटिंगचा चेपलेला कोन, ती महिनाभराने दुपटीने येते. पाइप फुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तर साधं असतं: क्लॅम्पचं रबर गेलं, पाइप दुसऱ्या पाइपला घासला, भिंत पातळ झाली. तपासणीत टॉर्च आधी क्लॅम्पवर मारा.

तेल भरताना विमानाची स्थिती बघा. ए३२० मध्ये चाकांची दारं बंद, स्पॉयलर खाली, अ‍ॅक्युम्युलेटर भरलेले असताना पातळी वाचायची. दारं उघडी ठेवून काठोकाठ भरलंत तर जॅक हलल्यावर परत आलेल्या तेलाला जागा उरत नाही.

उपप्रश्न: कुपवाड_होज

सगळ्यांचे मनापासून आभार. बोट फिरवण्याचं उद्या सकाळी सगळ्या पोरांना वाचून दाखवणार. दोन गोष्टी राहिल्या. उभ्या विमानाचा ब्रेक, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरच ना? त्याची तपासणी मिलसारखीच का? आणि आम्ही होज क्रिम्प करतो (फिटिंग दाबून बसवतो), टेस्ट बेंच आहे, दाबाची कागदपत्रं देतो. विमानाचं काही काम असल्या वर्कशॉपला मिळू शकतं का?

उत्तर: बी१_लाइन

होजचं आधी. ३,००० पीएसआयचा विमानाचा होज ६,००० ला तपासतात आणि १२,००० च्या आत फुटायला नको. तुमच्या दोन वायरच्या होजलाही चारपट फुटदाब असतोच, तेव्हा ताकदीत तुम्ही मागे नाही. अडचण दोन ठिकाणी. आतली नळी: तुमची नायट्राइलची, जांभळ्या तेलात टिकणार नाही; विमानाची टेफ्लॉनची, वर स्टेनलेसची जाळी. आणि माग: कुठल्या रोलची नळी, कुठल्या लॉटचं फिटिंग, कोणी क्रिम्प केलं, हे प्रत्येक तुकड्याला दाखवता आलं पाहिजे. विमानावर बसणारा दुरुस्त केलेला भाग डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) सीएआर-१४५ या दुरुस्ती-मान्यतेच्या वर्कशॉपमधून, सीए फॉर्म १ हा दाखला घेऊनच येतो. त्याशिवाय मी तो हातात घेणार नाही, कितीही सुबक असला तरी. पण जमिनीवरची सामग्री, म्हणजे टो ट्रॅक्टर, शिड्या, सामान चढवायचे लिफ्ट, त्यांचे सिलिंडर आणि होज, हे तुमच्याच धंद्यातलं काम आहे आणि विमानतळांना त्याची सतत गरज असते. तिथून सुरुवात करा.

ब्रेक अ‍ॅक्युम्युलेटरवरच. ए३२० मध्ये तो पिवळ्या सिस्टीमवर आहे, एकदा भरला की निदान सात वेळा पूर्ण ब्रेक मारता येतो आणि पार्किंग ब्रेक निदान १२ तास धरतो. तपासणीचं तत्त्व मिलसारखंच. नायट्रोजनचा दाब वाचायच्या आधी तेलाचा दाब शून्य करायचा, पेडल दाबून दाबून. तेलाचा दाब असताना वायूचं गेज तेलाचाच आकडा दाखवतं. मग तापमान बघून शेजारच्या पाटीवरचा तक्ता लावायचा. २० अंशांना १,००० पीएसआय भरलेला वायू ४० अंशांना जवळजवळ १,०७० दाखवतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी आकडा जास्त दिसला म्हणून वायू सोडून दिलात तर पहाटे तो कमी भरणार.

वायू कमी असण्याचा धोका लपलेला असतो, कारण पंप चालू असताना कॉकपिटमध्ये ३,००० च दिसतात. हिशोब करा. वायूची भरणी १,००० असेल तर ३,००० ला वायू एक तृतीयांश जागेत दबतो, आणि दाब १,५०० वर येईपर्यंत भांड्याच्या एक तृतीयांश इतकं तेल ब्रेकला देतो. भरणी ५०० असेल तर त्याच दोन दाबांमध्ये फक्त एक षष्ठांश. गेज तेच, ब्रेक निम्मे. म्हणून पेडल मारत दाब उतरवताना काटा बघत राहा: तो हळूहळू उतरत येतो आणि भरणीच्या आकड्यापाशी एकदम शून्याला पडतो. तो जिथून पडला, तीच तुमची खरी भरणी. नायट्रोजनच्या व्हॉल्व्हची टोपी काढल्यावर पिन दाबून तेलाचा फवारा आला तर वायू भरत बसू नका, आतल्या पिस्टनचं सील गेलंय, अ‍ॅक्युम्युलेटर उतरवा.